पाऊण इंची स्क्रू

खिळा आणि स्क्रू यांत फरक असतो हे आमच्या दाजींना मान्य नाही, हे मला अक्काच्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत कळलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शालनअक्काचे यजमान. ते सासुरवाडीला, कळसला, आले होते आणि आईच्या फडताळाचं दार बिजागरीतून निसटून लोंबत होतं. जावई बारामतीत इंटिरिअरची कामं करतो, म्हणजे हा त्याच्या हातचा मळ, असं समजून तात्यांनी, माझ्या वडिलांनी, त्यांच्या हातात स्क्रू आणि पेचकस दिला. दाजींनी पेचकस बाजूला ठेवला, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि ठाक ठाक करून सगळे स्क्रू आत घातले. "हितं फिरवत कोण बसतंय तात्या? आमच्या लायनीत टाइम म्हणजे सगळं," असं म्हणून हात झटकले. आई कौतुकानं बघत राहिली. जावयाच्या बाबतीत आमच्याकडच्या बायकांची नजर फार अधू असते. भाऊबीजेला दार पुन्हा निसटलं तेव्हा दाजी बारामतीला पोचले होते, आणि आई म्हणाली, "आपलं लाकूडच कुजकं हाय."

पुढं मला बारामतीला आयटीआयत ड्राफ्ट्समनच्या कोर्सला प्रवेश मिळाला आणि राहायची सोय अक्काकडं झाली, म्हणून दाजींचा अभ्यास जवळून करता आला. एमआयडीसीच्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागं दोन खोल्यांचं घर. दुकानाच्या पाटीवर एका झुंबरवाल्या दिवाणखान्याचं चित्र होतं. ते कुठल्याशा परदेशी कॅलेंडरातून घेतलेलं, तसला दिवाणखाना दाजींनी जन्मात केला नव्हता, पण गिऱ्हाईक विचारायचं "हे कुठलं काम?" तर ते डोळे बारीक करून म्हणायचे, "पुण्याची पार्टी हाय." दिवसभर चुन्या-पुट्टीच्या धुळीत वावरणाऱ्या या माणसाच्या पायात पांढरे बूट असत, कारण त्या धुळीत तो वावरतच नसे. तो दारात उभा राहून हातवारे करी. अत्तराचा वास आधी आत येई, मागून दाजी. आणि त्यांचा एक शब्द होता, फिनिशिंग. भाजी चांगली झाली तर फिनिशिंग चांगलं. सोयरिकीची मुलगी दिसायला बरी, तर फिनिशिंग आहे. "माणूस फिनिशिंग बघतो. आत काय हाय ते कोण उघडून बघतंय?" हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान, आणि ते मला रोज जेवताना ऐकावं लागे.

घर मात्र मला आवडायचं, आणि त्याचं श्रेय अक्काला. पहाटे पहिल्या पाळीच्या कामगारांच्या मोटारसायकली सुरू झाल्या की खिडकीची काच थरथरायला लागायची. त्यामागून दुधाचे टँकर घुमत जायचे. त्या आवाजात अक्का भाकरी थापत असायची. बाजरीची भाकरी, घेवड्याची आमटी, लोखंडी तव्यात रगडलेला मिरचीचा खर्डा, आणि थंडीत हुलग्याचं माडगं. अक्काची सासू, जिला मी मावशी म्हणायची, दारात मिसरी लावत बसलेली असे आणि तोंड मिसरीनं भरलेलं असतानाच लेकाची आरती ओवाळे. "माझ्या लेकानं कुटं कुटं पत्र्याखाली सोरग उभा केलाय," असं ती शेजारणींना सांगायची. दाजी आंघोळीला गेले की ती न्हाणीच्या दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहायची. चाळिशीकडं झुकलेल्या माणसाला टॉवेल सापडत नसे आणि अख्ख्या बारामतीत तोच एक हुशार! मला त्या वयात हसू आवरत नसे. अक्का डोळ्यांनी दटावायची.

त्या घरातलं आमचं, म्हणजे अक्काचं आणि माझं, संध्याकाळचं काम म्हणजे स्क्रू निवडणं. कामाच्या जागी खाली सांडलेले स्क्रू, खिळे, वायसर असं सगळं कामगार झाडून पोत्यात भरून आणायचे. ते परातीत ओतून आम्ही दोघी तांदूळ निवडावेत तसे निवडायचो. लाकडाचे इकडं, पत्र्याचे तिकडं, वाकडे भंगारात. बोलता बोलता बोटांना कळायला लागलं, न बघता. अक्का तर अंधारातसुद्धा चिमटीत धरून सांगायची, हा कुठला. आणि आम्हाला हे शिकवलं कुणी, तर एका कंपनीच्या विक्रेत्यानं. तेव्हा जिप्समचे बोर्ड आमच्या भागात नवीन येत होते. दोन्ही बाजूंनी जाड कागद आणि मधे पांढरी भुकटी दाबून केलेला, अर्धा इंच जाडीचा तो भला मोठा तक्ता. पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा करायचा आणि त्यावर हे तक्ते स्क्रूनं बसवायचे, की झाली भिंत, झालं छत. लोक त्याला फॉल सिलिंग म्हणत. शब्द चुकीचा आहे, खरा 'फॉल्स', पण दाजींच्या कामाला तोच बरोबर होता हे पुढं दिसलंच.

तो विक्रेता दुकानात आला, पट्टी मांडली, बोर्ड मांडला आणि सांगायला लागला. दाजी म्हणाले, "तुमी सुरू करा, मी चहा सांगून आलो." ते चहा सांगायला गेले ते कोपऱ्यावरच्या टपरीवर राजकारणात रंगले. शेवटी तो बिचारा अक्काकडं आणि माझ्याकडं बघून बोलत राहिला. म्हणाला, ताई, या बोर्डाला हे काळे स्क्रूच लागतात. याचं डोकं खालून भोंग्यासारखं निमुळतं असतं, म्हणून कागद न फाडता ते आत बसतं. कागद फाटला की संपलं, कारण बोर्ड कागदाच्याच जिवावर लटकतो. पत्र्याच्या पट्टीला बारीक आट्यांचा स्क्रू घ्यायचा, लाकडाला मोठ्या आट्यांचा. लांबी इंचभर हवी, म्हणजे बोर्ड ओलांडून पलीकडं पट्टीत चांगला रुततो. डोकं कागदाच्या किंचित खाली गेलं की थांबायचं. आणि मोरीजवळ, ओलीत, काळा वापरायचा नाही, तो गंजतो आणि रंगातून तांबडे ठिपके वर येतात. तिथं जस्ताचा मुलामा असलेला. एवढंच. यात आकाशाला हात लावण्यासारखं काही नव्हतं. सहावीतल्या मुलाला कळलं असतं. दाजी परत आले, चहा झाला, त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आमाला काय सांगताय राव? स्क्रू तो स्क्रू." विक्रेता एक काळ्या स्क्रूंचा खोका नमुना म्हणून ठेवून गेला. पुढं दाजींनी तसले आणखी खोके मागवले, कारण दुकानात मांडायला ते छान दिसत.

हल्ली माझ्या फोनवर भाचरं मला व्हिडिओ दाखवतात. एक दाढीवाला पोरगा हिंदीत ओरडून ओरडून सांगत असतो की बोर्डाला कुठला स्क्रू लावावा, आणि खाली लोक त्याला हात जोडतात. मला नवल वाटतं ते याचं, की इतकं सोपं ज्ञान इतक्या मोठ्यानं ओरडून सांगावं लागतं. पण मग दाजी आठवतात आणि वाटतं, ओरड बाबा, ओरड.

तर अक्काला दिवस गेले, आणि त्याच सुमारास दाजींना इंदापूरचं काम मिळालं. एका डॉक्टरीणबाईंनी एस.टी. स्टँडपासून थोडं पुढं एक जुनं गोदाम घेतलं होतं, बाळंतपणाचा दवाखाना काढायला. पुढच्या बाजूला स्लॅबच्या दोन खोल्या होत्या, तिथं त्यांनी तपासणी आणि औषधं ठेवली. मागचा मोठा भाग पत्र्याचा. तिथं खाटा टाकायच्या होत्या. इंदापूरचं ऊन काय असतं हे ज्यानं पत्र्याखाली काढलंय त्यालाच ठाऊक. म्हणून बाईंना पत्र्याखाली बोर्डाचं छत हवं होतं. दाजींनी कॅलेंडरातला दिवाणखाना दाखवला आणि काम घेतलं. मावशीनं पेढे वाटले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे कळसला, आणि कळसच्या बायकांना जवळचा दवाखाना आता हाच. "माझं लेकरू माझ्याच छताखाली जल्मणार," दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. जसं काही छत घालणं हेच त्या बाळंतपणातलं अवघड काम.

काम संपून बाळू आणि बाकीचे कामगार परतले, त्यांच्याबरोबर झाडलेलं पोतं आलं. अक्काचं पोट मोठं झालं होतं, तरी ती भिंतीला टेकून बसली आणि परात पुढ्यात ओढली. थोड्या वेळानं तिचा हात थांबला.

"मंगल, ह्यात काळा येक बी न्हाय."

मी बघितलं. सगळे पिवळे, पाऊण इंची, लाकडाचे स्क्रू. कित्येकांची डोकी हातोडीनं चेपलेली. मी दुकानात गेले; काळ्या स्क्रूंचे खोके फळीवर जसेच्या तसे, सील न फोडता, रांगेत. हे पिवळे कुठून आले तेही आम्हाला माहीत होतं. एमआयडीसीत एक फर्निचरचा कारखाना बंद पडला, तिथून दाजींनी पोतंभर स्क्रू उचलले होते आणि मोठा तीर मारल्यासारखे आठवडाभर त्याबद्दल बोलत होते.

रात्रीच्या जेवणाला अक्कानं ताट वाढलं आणि सरळ विचारलं. "इंदापूरला पिवळं स्क्रू लावलं का?"

"व्हय. का?"

"अवो, ते लाकडाचं हायती. आन् पाऊण इंची. बोर्डातच निम्म्याच्या वर जातंय, पट्टीत काय उरलं? बाळूनं तर हातोडीनं ठोकल्याती. कागद फाटला आसंल सगळा."

दाजी घास तोंडात धरून हसले. माझ्याकडं बघून म्हणाले, "बघ मंगल, तुझी बहीण विंजनेर झाली." मग अक्काला म्हणाले, "वर पुट्टी मारलीय, रंग मारलाय. आरशागत फिनिशिंग हाय. तू पोर काढायचं बघ, छताचं मी बघतो."

"पर तितं बायका झोपणार..."

"आगं बाई!" मावशी भडकली. "नवऱ्याच्या ताटावर त्याच्याच कामाला नावं ठिवती? वटीत लेकरू हाय न् त्वांडात ह्यो आशुभ!" विषय संपला. आमच्याकडं खरं बोलणं जेवताना अशुभ असतं आणि झोपताना अडचणीचं, मग ते बोलायचं कधी ते अजून कुणी ठरवलेलं नाही.

अक्का कळसला गेली. मला सुट्टी लागली तेव्हा मीही गेले. नववा लागल्यावर तपासणीला आई, अक्का आणि मी इंदापूरला आलो. बाईंनी पुढच्या खोलीत तपासलं. जाताना अक्का म्हणाली, मला मागचा वॉर्ड बघायचाय. आम्ही दारात उभ्या राहिलो. छत खरोखरच आरशासारखं दिसत होतं. दाजींचं तेवढं खरं. पण अक्कानं माझं मनगट दाबलं आणि वर बोट केलं. उन्हानं तापलेला पत्रा वर कडकड वाजत होता, रस्त्यानं एस.टी. गेली की सगळं हलत होतं, आणि पांढऱ्या रंगात जिथं जिथं स्क्रू होता तिथं तिथं टिकलीएवढी गोल चीर पडलेली होती. रांगेनं. एका कोपऱ्यात तर बोर्ड पट्टीपासून किंचित सुटलेला दिसत होता, जणू कुणी वाकून खाली बघतंय. अक्का मागं वळली ती बाईंना सांगायलाच, पण आईनं तिला बाहेर ओढलं.

"चारचौघात नवऱ्याची लाज काढती व्हय गं? घरात काय ते बोल."

"घरात बोलले की आई."

"मग झालं तर."

आईवर माझा आजही तेवढा राग नाही. तिची शाळाच तसली. पण गावात आल्यावर अक्कानं पंचायतीजवळच्या फोनवरून दुकानात फोन लावला. मी शेजारी होते, मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. दाजी म्हणाले, "सेटलमेंट हाय ती. नवीन काम बसतंय, चिरा पडत्यातच." अक्का म्हणाली, "काम बसतंय न्हवं, पडतंय." त्यांनी फोन ठेवून दिला.

कळा सुरू झाल्या त्या दुपारी. ऊन असं की कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीत उभी. तात्या ऊस तोडायला गेलेल्या टोळीकडं होते. त्यांना निरोप धाडून, शेजारची जीप यायची वाट बघून मग आम्ही निघालो. दाजींना फोन केला होता, ते बारामतीहून मोटारसायकलवर आमच्या आधीच पोचले होते आणि दवाखान्याच्या पायरीवर उभे राहून लोकांना छताबद्दल सांगत होते. खोटं सांगत नाही. बायको जीपमधून उतरतेय, तिला धरायचं सोडून हा माणूस कुणा पेशंटच्या नातलगाला म्हणत होता, "आतलं सिलिंग बघा, आपलंच काम हाय."

सिस्टरनं अक्काला धरून मागच्या वॉर्डाकडं नेलं. दारात आल्यावर अक्कानं दोन्ही हातांनी चौकट धरली आणि थांबली. मला वाटलं, कळ आली. कळ होतीच. ती गेल्यावर अक्का म्हणाली, "मी ह्याच्याखाली न्हाय निजणार."

"अहो ताई, चला, वेळ नाहीये," सिस्टर म्हणाली.

"न्हाय. हितं फरशीवर निजन, बाहीर झाडाखाली निजन. ह्याच्याखाली न्हाय."

दाजी धावत आले. "काय तमाशा लावलाय शालन? लोक बघत्यात!"

"बघू द्या की. मी बी त्येच म्हंती, बघा." तिनं वर हात केला. मग तिचं लक्ष खाटांकडं गेलं. कोपऱ्यातल्या खाटेवर सुपे गावाकडची एक बाई होती, आदल्या दिवशी बाळंत झालेली, कुशीत लेकरू. तिच्या डोक्यावरच तो सुटलेला बोर्ड. अक्का ओरडली, "ए बाई, ऊठ तितनं! लेकराला घे आन् ऊठ!"

त्या बाईची सासू उशाशी बसली होती. ती उसळली. "का म्हनून उठायची? खाट आमाला दिलीया!"

या सगळ्या गलक्यात डॉक्टरीणबाई आल्या. ठेंगण्या, चष्मा नाकावर, पदर खोचलेला. त्यांनी विचारलं, काय झालं. दाजी पुढं झाले. "काही नाही मॅडम, बायकांना अशा वेळी भास होतात. पहिलटकरीण आहे." दाजींची भाषा डॉक्टरांसमोर अशी एकदम पुण्याची व्हायची.

बाईंनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. त्या अक्काजवळ गेल्या. "काय दिसतंय तुला?"

अक्का दोन श्वासांमधून बोलली. "स्क्रू चुकीचं हायती. पाऊण इंची, लाकडाचं. पत्र्यात धरत न्हाईत. मी सोता निवडलं झाडलेलं. चिरा बघा गोल. ह्ये पडणार हाय बाई, आज पडंल न्हायतर उद्या पडंल, तिला आदी उठवा."

बाईंनी वर बघितलं. फार वेळ नाही. मग सिस्टरला म्हणाल्या, "तिला आणि बाळाला पुढं घे. सगळ्यांना घे." त्या बाईची सासू कुरकुरत उठली, गाठोडं, तांब्या, दुपटी गोळा करत, दाजींना नव्हे, अक्काला शिव्या देत. खाट मोकळी झाली. बाईंनी कोपऱ्यातला जाळी काढायचा लांब बांबू उचलला आणि सुटलेल्या बोर्डाला खालून ढोसलं. जोरात नाही, झोपलेल्याला उठवावं तसं. आधी पुट्टीची भुकटी गळली. मग अख्खा बोर्ड एका कडेनं खाली आला आणि खाटेच्या उशाकडच्या गजावर आपटून दोन तुकडे झाला. सगळीकडं धुरळा उडाला. त्या बाईची सासू दारात उभी होती. तिनं नातवाला सुनेच्या हातातून काढून आपल्या छातीशी धरलं.

दाजी काय म्हणाले असतील? ते म्हणाले, "कंपनीचं मटेरियलच खराब आलंय." त्यांचे पांढरे बूट आणखी पांढरे झाले होते.

माझी भाची त्या दिवशी औषधांच्या खोलीत जन्मली, स्लॅबखाली, सलाइनच्या खोक्यांच्या राशी सरकवून केलेल्या जागेत. आई बाहेर रडत होती आणि मला म्हणत होती, "त्वा तरी सांगायचं न्हाय व्हय गं मला, एवढं हाय म्हनून?" मुलगी झाल्याचं कळल्यावर दाजी आत जायला निघाले तेव्हा बाईंनी त्यांना दारात अडवलं. "आधी ते छत उतरवा. सगळं. बाप नंतर व्हा." हे वाक्य मी आयुष्यात जितक्यांदा आठवलंय तितक्यांदा मला थंड पाणी प्यायल्यासारखं वाटलंय.

छत उतरलं. हात लावला की बोर्ड सुटत होते. पिकलेल्या फोडातून काटा निघावा तसे स्क्रू निघून येत होते. बारामतीहून काळ्या स्क्रूंचे खोके मी आणले, आणि मोरीच्या बाजूसाठी जस्ताचे वेगळे. बाळू कामगार पहिल्याच दिवशी पळाला, त्याला मार बसायची भीती वाटली असावी. म्हणून शिडीवर दाजींना स्वतः चढावं लागलं. लग्नातल्या घोड्यावर चढल्यानंतर ते कशावर चढले असतील तर ते त्या दिवशी. स्क्रू फिरवायचं मशीन हातात नीट धरता येत नव्हतं. स्क्रू आत जायचा, आणखी आत जायचा, कागद फाटायचा. बाई खालून म्हणायच्या, "काढा. पुन्हा." अत्तराचा वास घामात कुठल्या कुठं गेला होता. मी पट्टी कुठं येते ते बोर्ड वर जाण्याआधी पेन्सिलीनं आखून देत होते आणि दाजी माझ्याकडं न बघता खुणेवर टोक ठेवत होते. मला त्यांची दया आली का? नाही आली. लोक म्हणतात वय झालं की येते. मी वाट बघतेय.

अक्का सव्वा महिन्यानंतर बारामतीला परत जायला हवी होती. ती गेली नाही. दाजी न्यायला आले, मावशीला घेऊन, साडीचोळी घेऊन. तात्यांनी बसायला घोंगडी टाकली. मावशीनं गळा काढला, घराची शोभा, लक्ष्मी, वगैरे. अक्का मुलीला मांडीवर घेऊन ऐकत राहिली आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "येती की. पर दुकानाचं सामान हितनं फुडं मी आणणार. कुटल्या कामाला कुटला स्क्रू जातो ते मी काढून देणार, मगच पोतं दाराबाहीर जाईल. पटत आसंल तर गाडी वळवा."

"आन् मी काय करू?" दाजींनी विचारलं. खरंच विचारलं, रागानं नाही.

"तुमी फिनिशिंग बघा," अक्का म्हणाली.

तात्या खोकले. मला आजवर वाटतं की ते हसले.

ती गेली, आणि तसंच झालं. सकाळी दुकान उघडलं की अक्का मुलीला झोळीत टाकून गल्ल्याशेजारच्या फळीपुढं उभी राहायची. काळे, पिवळे, जस्ताचे, मोजून, हातानं. कामगार आधी हसले, मग घाबरले, मग शहाणे झाले. दाजींच्या हातून त्यानंतर एकही छत पडलं नाही, आणि त्याचं श्रेय बारामतीनं कुणाला दिलं हे वेगळं सांगायला नको. त्यांना पुढं कामं मिळाली, सत्कार झाले, हार पडले, कोपऱ्यावरच्या टपरीत त्यांच्या शब्दाला वजन आलं. मावशी मरेपर्यंत सांगत राहिली की माझ्या लेकानं सोरग उभा केला. मी कोर्स पूर्ण केला, सरकारी कचेरीत नकाशे काढत नोकरी केली, आणि त्या काळात कितीतरी मोठमोठे साहेब पाहिले. बहुतेक सगळे दाजीच होते. फक्त बुटांचा रंग वेगळा.

गेल्या वर्षी भाचीच्या मुलाचं बारसं होतं, बारामतीतच. मांडव भरलेला, पाळणा सजवलेला, बायकांची गाणी संपलेली. दाजी आता पिकले आहेत, कान गेलाय, पण आवाज शाबूत. व्याह्यांच्या घोळक्यात पानावर बसून ते इंदापूरची गोष्ट सांगत होते, आणि मी मागच्या खुर्चीवर होते. "शालनला कळा सुटलेल्या," दाजी म्हणाले, "न् मी दारातच आडवा झालो. म्हटलं डॉक्टर, माझी बायको ह्या छताखाली निजणार न्हाय. बांबू घेतला, ढोसला, न् आख्खा बोर्ड खाली! आवो, स्क्रूच चुकीचं. लाकडाचं, पाऊण इंची. मी वर बघितल्या बघितल्या वळाखलं."

"अरारा," व्याही म्हणाले. "कुणाचं काम हुतं म्हणायचं?"

दाजींनी हात उडवला. "हुता येक कंत्राटदार. आता मेलेल्या गोष्टीत नाव कुणाचं घ्यायचं? पर चोर, लई चोर माणूस."

अक्का तेव्हा घुगऱ्यांचं पातेलं घेऊन पंगतीतून येत होती. ती दाजींपुढं थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. वाटीभर घुगऱ्या त्यांच्या पानात घातल्या आणि त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "व्हय तर. लई चोर हुता," आणि पुढच्या पानाकडं वळली.